श्वासांची मोजदाद

मराठीत 'पाळत' ठेवतात ती चोरावर, आणि 'लक्ष' ठेवतात ते पाळण्यातल्या मुलावर. रोगांच्या बाबतीत मात्र ही दोन्ही कामे एकदमच करावी लागतात. रोगावर पाळत आणि मुलावर लक्ष. प्रस्तुत लेखात लहान मुलांच्या श्वसनमार्गाला होणाऱ्या विषाणुजन्य रोगांची पाहणी कशी करतात आणि त्या पाहणीतून कोण निसटून जाते, हे सांगण्याचा विचार आहे. मी मराठी विषय घेऊन बी. ए. करणारा विद्यार्थी. विषाणूंशी माझा संबंध सर्दीपुरताच. तरीही हा विषय निवडला, कारण तो वाचता वाचता माझ्या लक्षात आले की यातला निम्मा भाग प्रयोगशाळेचा असला तरी उरलेला निम्मा मोजणीचा आणि शब्दांचा आहे, आणि तेवढ्यापुरता तरी कला शाखेच्या विद्यार्थ्याला बोलण्याचा अधिकार असावा.

श्वसनमार्गाला त्रास देणारे विषाणू पुष्कळ आहेत. त्यांतला एकच मी येथे पुढे ठेवतो, कारण तान्ह्या मुलांच्या बाबतीत तोच सर्वांत मोठा गुन्हेगार आहे. त्याचे लांबलचक इंग्रजी नाव सोडून सारे जग त्याला आर. एस. व्ही. म्हणते. १९५६ साली अमेरिकेत वॉशिंग्टन येथील वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतल्या चिंपांझींना सर्दीची साथ आली, तेव्हा तो प्रथम हाती लागला. साहजिकच त्याचे नाव चिंपांझींच्या सर्दीवरून पडले. पुढच्याच वर्षी बाल्टिमोर येथे रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तोच विषाणू आजारी मुलांत सापडला आणि चिंपांझी बिचारे सुटले. या विषाणूची लागण झालेल्या पेशी एकमेकींत मिसळून त्यांचा एक मोठा गोळा होतो. त्याच्या नावातला मधला शब्द त्यावरून आला आहे.

दोन वर्षांचे होईपर्यंत बहुतेक प्रत्येक मुलाला हा विषाणू एकदा तरी गाठतोच. तुम्हा-आम्हालाही तो पुनःपुन्हा होतो. एकदा होऊन गेला म्हणून कायमचे संरक्षण मिळत नाही. मोठ्या माणसाला तो नाकातून पाणी आणि चार दिवस खोकला देऊन जातो. मग तान्ह्या मुलाचेच तो एवढे हाल का करतो? याचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे, आणि ते मला फार आवडले. नळीतून वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. समजा, मोठ्या माणसाची एखादी श्वासनळी आठ मिलिमीटर रुंद आहे आणि आतून चहूबाजूंनी एक मिलिमीटर सूज आली. नळी सहा मिलिमीटरची झाली, अडथळा तिप्पट झाला. तीच एक मिलिमीटर सूज तान्ह्या मुलाच्या चार मिलिमीटरच्या नळीत आली तर ती दोन मिलिमीटरची होते आणि अडथळा सोळापट होतो. आर. एस. व्ही. तर याहून बारीक अशा फांद्यांत शिरतो, तेथे सूज आणतो आणि मेलेल्या पेशी व कफ यांचे बूच बसवतो. मुलाला श्वास घ्यायला सारे अंग लावावे लागते. श्वास घ्यावा की दूध ओढावे, असा प्रश्न त्या जिवापुढे पडतो आणि ते दूध सोडते. म्हणून 'बाळ अंगावर पीत नाही' हे आईचे वाक्य डॉक्टर फार गंभीरपणे घेतात, आणि ते योग्यच आहे.

गेल्या पावसाळ्यात माझ्या ताईच्या चार महिन्यांच्या मुलाला असेच झाले. डॉक्टरांनी झबले वर केले, हाताला हात न लावता एक मिनिटभर नुसते त्याच्या पोटाकडे पाहिले, आणि घड्याळावरची नजर काढून म्हणाले, "दाखल करा." तीन दिवस प्राणवायू आणि नळीने दूध एवढ्यावर तो बरा झाला. विषाणूवर औषध असे नव्हतेच. घरी परतताना मिळालेल्या कागदावर 'श्वसनमार्गाचा संसर्ग' असे लिहिले होते. कोणत्या जंतूचा, ते लिहिलेले नव्हते, कारण तपासणी केलेली नव्हती. केली असती तरी उपचारात फरक पडला नसता, तेव्हा पाच-सहा हजारांची तपासणी न सांगणाऱ्या डॉक्टरांना दोष देता येत नाही. पण याचा अर्थ असा की त्या वर्षी या विषाणूने किती मुलांना पाडले याचा जो काही हिशोब कोठे मांडला गेला असेल, त्यात आमचा सोनू नाही.

या एका प्रसंगात पाहणीच्या दोन्ही तऱ्हा दिसतात. एक डोळ्याची, जी झाली. दुसरी प्रयोगशाळेची, जी राहून गेली. आधी पहिली घेऊ.

ज्या मुलाला बोलता येत नाही, ज्याच्या गावात क्ष-किरणाचे यंत्र नाही आणि स्टेथॉस्कोप लावता येणारा माणूस वीस मैलांवर आहे, त्याला न्यूमोनिया झाला आहे की साधा खोकला, हे कसे ओळखायचे? पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ प्रदेशात गोरोका येथे काम करणारे डॉक्टर फ्रँक शॅन आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या वर्षांत या प्रश्नाचे उत्तर शोधले. त्यांनी पाहिले की छातीत ऐकू येणाऱ्या आवाजांपेक्षा दोन खुणा अधिक उपयोगी आहेत. मूल किती वेगाने श्वास घेते, आणि श्वास आत घेताना त्याच्या बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो का. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी १९८८ साली या खुणा पुन्हा पारखल्या आणि दाखवले की वेगाची मर्यादा वयाप्रमाणे वेगळी धरली पाहिजे. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेले आकडे असे: दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असले तर वेग जास्त समजायचा. बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर आजार त्याहून पुढे गेला.

ऐकायला हे फार सोपे वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आशाताईंनी आम्हाला एका झोपलेल्या बाळाचे श्वास मोजायला लावले, तेव्हा आम्हा तिघांचे आकडे तीन आले. ४१, ४६ आणि ५२! तान्ह्या मुलाचा श्वास घड्याळाच्या लंबकासारखा चालत नाही. भराभर चार श्वास, मग थोडे थांबणे, मग एक दीर्घ. म्हणूनच पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची आपली परीक्षेतली युक्ती येथे चालत नाही. पूर्ण मिनिट मोजावे लागते. मूल रडत असेल वा पीत असेल तर मोजायचे नाही, ते शांत होईपर्यंत थांबायचे. आशाताई हे दिवसातून किती वेळा करतात असे मी विचारले, तर त्या नुसत्या हसल्या.

आता ज्या बाईला पन्नासपर्यंत मोजताच येत नाही तिने काय करावे? याचे उत्तर आपल्या महाराष्ट्रातच निघाले, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातला हा सर्वांत सुंदर भाग आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या सुइणींना न्यूमोनिया ओळखायला शिकवायचे ठरवले. सुईण निरक्षर, पण तिचा हात आणि नजर पक्की. तिच्यासाठी त्यांनी एक श्वासमापक केला. एका मिनिटात रिकामे होणारे वाळूचे घड्याळ, आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वयाप्रमाणे मण्यांच्या ओळी दोन. वाळू संपण्याआधी शेवटचा तांबडा मणी सरकवण्याची पाळी आली की समजायचे, न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आले की झाले! आजीबाईंच्या जपमाळेचा आणि किराणा दुकानातल्या वाळूच्या घड्याळाचा असा संगम दुसऱ्या कोणाला सुचला असता की नाही, कोण जाणे.

तेथील प्रयोगाचे निष्कर्ष १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ५८ गावांत गावपातळीवर न्यूमोनिया ओळखून लगेच तोंडाने द्यायचे जंतुनाशक औषध देण्याची व्यवस्था केली. शेजारच्या ४४ गावांत ती नव्हती. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू पहिल्या गावांत वर्षाला ८.१ होते, दुसऱ्या गावांत १७.५. निम्म्याहून कमी. यात यंत्र म्हणावे असे काही नव्हते.

या कामातली आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या भाषेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्याजोगी आहे. आईला जाऊन 'मुलाला न्यूमोनिया झाला होता का?' असे विचारले तर ती नाही म्हणते, कारण तो शब्द तिचा नव्हे. गडचिरोलीकडे 'लहक' आणि 'धाप' हे तिचे शब्द. आमच्याकडे बायका 'पोट उडतंय' म्हणतात, 'छाती भरली' म्हणतात, कोठे 'डब्बा' म्हणतात. मूल गेल्यावर ते कशाने गेले हे आईबापांना विचारून ठरवण्याची एक पद्धत आहे. तीत सारी मदार या शब्दांवर असते. प्रश्नपत्रिका जर शहरी मराठीत छापली, तर रोग गावात असूनही कागदावर येत नाही. बोलीभाषांच्या अभ्यासाचा उपयोग काय, असे विचारणाऱ्यांना हे उदाहरण अवश्य सांगावे.

तर डोळ्याच्या पाहणीची ही ताकद. तिची मर्यादाही तितकीच उघड आहे. मणी सांगतो की मूल वेगाने श्वास घेत आहे. का, ते सांगत नाही. जंतू जिवाणू असेल तर औषध लागू पडते, विषाणू असेल तर नाही. आणि यात विषाणूंचा वाटा मोठा आहे. आशिया व आफ्रिकेतील सात देशांत, तीव्र न्यूमोनियाने रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६१ टक्के प्रसंगी कारण विषाणू निघाले आणि एकट्या आर. एस. व्ही.चा वाटा ३१ टक्क्यांच्या घरात होता. जिवाणूंविरुद्धच्या काही लसी आल्यानंतरचे हे चित्र आहे, हेही ध्यानात घ्यावे. शत्रू बदलला, तर नुसते 'शत्रू आला' एवढे सांगणारा पहारेकरी पुरत नाही.

येथे प्रयोगशाळा येते. नाकातून कापसाच्या काडीने नमुना घ्यायचा, तो विशेष द्रवात बुडवून थंड पेटीतून पाठवायचा, आणि विषाणूच्या जनुकांचे अंश शोधायचे. कोरोनाच्या दिवसांत ही काडी आपण सर्वांनीच अनुभवली आहे. फ्लूच्या विषाणूवर अशी जागतिक पाळत १९५२ पासून आहे. योगायोग असा की त्याच वर्षी पुण्यात विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणू संस्था या नावाने ओळखले जाते. फ्लूसाठी जगभर विणलेले हे जाळे आयतेच होते, तेव्हा त्यातच आर. एस. व्ही.ही पकडावा असे जागतिक आरोग्य संघटनेने ठरवले आणि भारतासह १४ देशांत त्याचा प्रयोग सुरू केला.

पण जाळे फ्लूच्या मापाचे होते. कोणाचा नमुना घ्यायचा? तर खोकला आणि ताप असलेल्या रुग्णाचा, अशी फ्लूची व्याख्या. आर. एस. व्ही. झालेल्या तान्ह्या मुलांपैकी पुष्कळांना ताप येतच नाही! म्हणजे मूल धापा टाकत आहे, पण अंग गरम नाही, म्हणून नमुना नाही, म्हणून नोंद नाही. अगदी लहान बाळात तर कधी खोकलाही नसतो. ते मधूनच श्वास घ्यायचे विसरते, हेच पहिले लक्षण. तेव्हा व्याख्या बदलावी लागली. तापाची अट काढली आणि सहा महिन्यांखालील मुलांसाठी श्वास थांबणे हेही लक्षण धरले. व्याख्येतला एक शब्द गाळला आणि हजारो मुले हिशोबात आली. तर्कशास्त्राच्या तासाला व्याख्येचे दोष पाठ करताना त्यांचे एवढे मोल असेल असे वाटले नव्हते.

एवढा खटाटोप कशासाठी, औषध तर नाहीच, असे कोणी म्हणेल. काही वर्षांपूर्वी हे म्हणणे खरे होते. १९६६ साली अमेरिकेत या विषाणूची मारलेली लस करून मुलांना टोचली होती. पुढच्या हंगामात ती मुले बचावण्याऐवजी अधिकच आजारी पडली. लस घेतलेल्या आणि नंतर लागण झालेल्या मुलांपैकी ८० टक्के रुग्णालयात गेली, दोन मुले दगावली. त्या धक्क्यातून हा सारा विषय कित्येक दशके सावरला नाही. विषाणू पेशीला चिकटण्यापूर्वी त्याच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचा आकार नेमका कसा असतो, हे २०१३ साली अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवले, तेव्हा वाट मोकळी झाली. २०२२-२३ मध्ये दोन साधने हाती आली. एक म्हणजे बाळाला द्यायचे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, आणि दुसरी गर्भवतीला द्यायची लस, जिच्यामुळे आईच्या रक्तातले संरक्षण वारेतून बाळाला मिळते. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने या दोन्हींची शिफारस केली. त्यातली लस गर्भारपणाच्या २८ व्या आठवड्यापासून पुढे द्यायची आहे.

ही दोन्ही संरक्षणे साधारण पाच-सहा महिने पुरतात. मग ती कधी द्यायची, हा प्रश्न पंचांगाचा होतो. युरोप-अमेरिकेत हा विषाणू थंडीत येतो, म्हणून अमेरिकेत गर्भवतींना लस सप्टेंबर ते जानेवारी या महिन्यांत देतात. आपल्याकडे पश्चिम भारतात त्याचा जोर पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना असतो. अमेरिकेचे पंचांग उचलून येथे लावले तर छत्री दिवाळीनंतर उघडल्यासारखे होईल. आणि हंगामही कायमचा नसतो. २०२० साली कोरोनाच्या टाळेबंदीत ऑस्ट्रेलियात हिवाळा आला, पण आर. एस. व्ही. आला नाही. तो आला उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि जोरात आला. अमेरिकेतही २०२१ मध्ये ऐन उन्हाळ्यात मुलांचे वॉर्ड भरले. वर्षभर मोजणी चालू होती म्हणून हे वेळेत कळले. हंगामापुरते मोजणारे असते तर झोपेतच सापडले असते. तेव्हा प्रत्येक प्रदेशाने आपले आपण, आणि बारा महिने मोजावे, याला पर्याय दिसत नाही.

आता राहिला सर्वांत अवघड भाग. आतापर्यंत सांगितलेली प्रयोगशाळेची पाहणी रुग्णालयाच्या दारापासून सुरू होते. जे मूल त्या दारापर्यंत पोचलेच नाही त्याचे काय? जगातील आकड्यांचा मेळ घालून केलेला एक अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यानुसार २०१९ या एका वर्षात पाच वर्षांखालील सुमारे १,०१,००० मुले या विषाणूमुळे मरण पावली. त्यांपैकी रुग्णालयात सुमारे २६,०००. म्हणजे चारांतली तीन मुले रुग्णालयाच्या बाहेर गेली. आणि हे मृत्यू जवळजवळ सारे गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले, ९७ टक्के. पाहणीचा कंदील ज्या कोपऱ्यात ठेवला आहे त्या कोपऱ्यात एक मूल दिसते, आणि तीन अंधारात असतात.

अंधारातल्यांना मोजायचे तर एकच मार्ग उरतो, आणि तो लिहितानाही हात अडखळतो. झांबियाच्या लुसाका शहरात २०१७ ते २०२० या काळात संशोधक शवागारात थांबले. तेथे आणलेल्या, सहा महिन्यांच्या आतील सुमारे २,३०० बाळांच्या नाकातून, पालकांची संमती घेऊन, नमुने घेतले. शंभरांत सातांच्या आसपास बाळांत आर. एस. व्ही. सापडला. घरी मरण पावलेल्या बाळांत त्याचे प्रमाण रुग्णालयात गेलेल्यांपेक्षा अधिक होते. लुसाकात निदान मृतदेह एका ठिकाणी येत होते, कारण तेथे दफनापूर्वी नोंद करावी लागते. आपल्या डोंगरी मुलखात तेही नाही. मूल गेले की काही तासांत गावाबाहेर खड्डा खणला जातो.

अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात 'महान' ट्रस्टचे डॉ. आशिष सातव आणि त्यांचे सहकारी यांनी २०१६ ते २०२० या काळात हेच काम गावोगावी जाऊन केले. कोरकू वस्तीच्या गावांतून नेमलेल्या आरोग्यसेविका दोन वर्षांखालील मुलांवर नजर ठेवत. मूल धापा टाकू लागले की नमुना घेतला जाई, आणि मूल दगावले तर त्यानंतरही. त्यासाठी बातमी ताबडतोब कळावी लागते, पावसाळ्यात ओढे ओलांडून त्या घरी पोचावे लागते, आणि आक्रोश चाललेल्या अंगणात उभे राहून आईबापांची परवानगी मागावी लागते. परवानगी मागणारी बाई त्याच गावची असते. ते मूल जन्मल्यापासून तिने पाहिलेले असते, बहुधा त्याचे श्वासही मोजलेले असतात. ती काडी द्रवात बुडवून, बर्फाच्या पेटीत ठेवून, घाटाखाली पाठवायची असते, आणि दुसऱ्या दिवशी शेजारच्या घरातल्या पाळण्यापाशी पुन्हा एक मिनिट बसायचे असते.